ह्यूगोचं फिंगरप्रिंट आणि इंटिग्रिटी हॅश : वापरून झाल्यावरचं मत

आधी तारे देऊन टाकते: वेबसाइट बनवणाऱ्या ह्यूगोच्या या सोयीला पाचपैकी चार. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पाचवा का कापला ते मात्र सविस्तर सांगावं लागेल. ह्यूगोला ज्यासाठी बोल लावायला हवा त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि भलत्याच गोष्टींवरून लोक नाकं मुरडतात.

मी ठाण्यात, पाचपाखाडीला राहते. महाप्याच्या एका आयटी कंपनीत बरीच वर्षं काढल्यावर नोकरी सोडली आणि आता छोट्या लोकांच्या छोट्या वेबसाइट सांभाळते. नौपाड्यातल्या फराळवाल्या काकू, ऐरोलीतले एक दंतवैद्य, कळव्यातला कथकचा क्लास, नेरूळच्या मुलांचा ट्रेकिंग ग्रुप, अशी गिऱ्हाइकं. सगळ्या साइट स्टॅटिक. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, अपरात्री प्लगइन अपडेट करा म्हणून येणारे ईमेल नाहीत. ह्यूगोला मजकूर आणि टेम्प्लेट द्यायचं, तो एचटीएमएलची पानं काढून देतो, ती होस्टिंगवर चढवायची, काम संपलं. ह्यूगो फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि एकच फाइल उतरवली की चालू होतो.

अख्ख्या ह्यूगोचं परीक्षण लिहायला बसले तर दिवाळी उजाडेल. इथे फक्त एका सोयीबद्दल बोलते: स्टाइलशीट (पानाचं रंगरूप ठरवणारी सीएसएस फाइल) आणि स्क्रिप्ट (पानात चालणारा जावास्क्रिप्ट कोड) यांना इंटिग्रिटी हॅश लावण्याची सोय.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पानात सीएसएस किंवा जावास्क्रिप्टची फाइल जोडताना त्या टॅगमध्ये इंटिग्रिटी नावाचा गुणधर्म लिहिता येतो आणि त्यात त्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडा, देता येतो. ब्राउझर फाइल उतरवतो, स्वतः तिचा हॅश काढतो आणि तुम्ही लिहिलेल्याशी ताडून बघतो. एका बाइटचाही फरक निघाला तर ती फाइल वापरतच नाही. याला सबरिसोर्स इंटिग्रिटी म्हणतात, कामापुरतं एसआरआय. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जून २०१६ मध्ये ही शिफारस पक्की केली. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये त्याआधीच, २०१५ मध्ये, ती आलेली होती. सफारीला २०१८ उजाडलं. शा-२५६, शा-३८४ आणि शा-५१२ हे हॅशचे तीनच प्रकार चालतात. घरी सिलिंडर आला की आपण सील बघतो, तितपतच या हॅशचा उपयोग: वाटेत कुणी हात मारला नाही एवढं कळतं. प्लँटमध्येच काय भरलं होतं, ते सील सांगत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, माझा पाचवा तारा तिथेच अडकलाय.

आता ह्यूगोमध्ये हे कसं होतं ते बघू. स्टाइलशीट स्टॅटिक फोल्डरमध्ये न ठेवता ॲसेट्समध्ये ठेवायची. स्टॅटिकमधल्या फाइलला ह्यूगो हात लावत नाही, जशी आहे तशी उचलून पुढे ठेवतो, त्यामुळे तिथल्या फाइलचा हॅश तो काढून देत नाही. मग टेम्प्लेटमध्ये एका ओळीत ती फाइल मागवायची, पाइप (उभी रेघ) देऊन मिनिफायकडे पाठवायची, आणखी एक पाइप देऊन फिंगरप्रिंटकडे, जो हॅश काढून फाइलच्या नावातही घालतो. क्रम हाच. आधी आकसायची, मग हॅश काढायचा. शेवटी लिंकच्या टॅगमध्ये दोन जागा भरायच्या: पत्त्याच्या जागी रेलपर्मालिंक, इंटिग्रिटीच्या जागी डेटा-डॉट-इंटिग्रिटी. तीन ओळींचं काम. फाइली बांधून देणाऱ्या वेबपॅकमध्ये याच कामासाठी वेगळं प्लगइन बसवावं लागतं. ह्यूगोसारख्याच जेकिलमध्येही बाहेरचं प्लगइन आणावं लागतं, आणि गिटहब पेजेस या होस्टिंगचा स्वतःचा बिल्डर मोजकीच ठरलेली प्लगइन चालवतो, म्हणजे तिथेही अडचण. ह्यूगोत ही सोय घरचीच आहे. याचे दोन तारे मी डोळे मिटून देते.

प्रकार सांगितला नाही तर ह्यूगो शा-२५६ काढतो. मी ३८४ मागते. त्यात सुरक्षेचा काही थोर विचार नाही. शा-३८४ म्हणजे ४८ बाइट, ते बेस६४ या अक्षरी पद्धतीत लिहिले की बरोबर ६४ अक्षरं होतात आणि शेवटी बरोबरच्या चिन्हाचं शेपूट लोंबत नाही. डोळ्यांना बरं वाटतं, इतकंच. तयार पानाचा सोर्स उघडून बघितलात तर हॅशमधल्या अधिकच्या (+) चिन्हाजागी + असली अक्षरं दिसतील. ट्रेकिंग ग्रुपमधल्या एका मुलाने हे पाहून हॅश बिघडलाय म्हणून मला रात्री स्क्रीनशॉट पाठवला होता. बिघडलेलं काही नसतं. ज्या गो भाषेत ह्यूगो लिहिलाय तिची टेम्प्लेट यंत्रणा ते चिन्ह सुरक्षित करून छापते आणि ब्राउझर वाचताना ते पुन्हा अधिकचं चिन्ह म्हणूनच घेतो.

मात्र एक गोष्ट खटकते. फिंगरप्रिंटला तुम्ही एमडी५ हा जुना, आखूड हॅश सांगितलात तर तो मुकाट्याने एमडी५ काढून देतो, आणि डेटा-डॉट-इंटिग्रिटीमध्येही तेच भरतो. फाइलचं नाव आटोपशीर राहतं म्हणून असं करावंसं वाटणारे लोक आहेत, कारण शा-३८४ चा हॅश फाइलच्या नावात सोळा-अंकी पद्धतीने बसला की ९६ अक्षरांची मालगाडी होते. पण ब्राउझरला इंटिग्रिटीमध्ये एमडी५ ठाऊकच नाही. आणि न ओळखणाऱ्या हॅशबद्दल त्याचा नियम असा की तो सोडून द्यायचा आणि फाइल नेहमीसारखी चालवायची. तक्रार नाही, अडवणूक नाही. टॅगमध्ये इंटिग्रिटी झळकतेय, तपासणी मात्र शून्य. ह्यूगोने इथे निदान एक इशारा छापायला हवा.

नावात हॅश घुसवणं ही मात्र माझ्या रोजच्या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट, आणि तिचा सुरक्षेशी संबंध नाही. पूर्वी काकूंच्या साइटचा रंग बदलला की काकूंच्या फोनवर आठवडाभर जुनाच रंग दिसायचा. मी पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून आवृत्तीचा आकडा वाढवत बसायचे. आता सीएसएसमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी फाइलचं नाव बदलतं, ब्राउझरला नवी फाइल आणावीच लागते. शिवाय पब्लिक फोल्डर ह्यूगो आपणहून साफ करत नाही, त्यामुळे जुन्या नावाची फाइलही तिथे पडून राहते. पसारा वाढतो, पण ज्याच्या फोनमध्ये जुनं पान साठलेलं आहे त्याला जुनी सीएसएसही मिळते. जे पसारा म्हणून रोज झाडून टाकतात त्यांनी जरा सबुरीने घ्यावं.

आता मुद्द्याची गोष्ट. हा हॅश काढला कधी?

ह्यूगो तो दर बिल्डला, म्हणजे साइटची पानं तयार करताना दर वेळी, नव्याने काढतो. फाइल माझी असेल तर ठीकच आहे, मी बदलली, हॅश बदलला. पण हीच यंत्रणा बाहेरच्या फाइलला लावली की गंमत होते. ह्यूगोमध्ये गेटरिमोट नावाचं फंक्शन आहे. कुठल्यातरी सीडीएनवरचा (फाइली वाटणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवरचा) पत्ता द्यायचा, बिल्डच्या वेळी ह्यूगो ती फाइल उतरवून आणतो, मग तिलाही मिनिफाय आणि फिंगरप्रिंट करता येतं. बघायला झकास. पण समजा त्या सीडीएनवरच्या फाइलमध्ये रात्री कुणी घाण मिसळली आणि सकाळी तुमचा सर्व्हर नव्याने बिल्ड करायला बसला. ह्यूगो ती घाणेरडी फाइल आणणार, तिचा हॅश अगदी अचूक काढणार आणि तुमच्या पानात छापणार. ब्राउझर ताडून बघणार, तंतोतंत जुळणार, आणि फाइल चालणार. सील शाबूत, आतला माल खराब. आपल्या मशीनवर ह्यूगो उतरवलेली फाइल साठवून ठेवतो, त्यामुळे तिथे हे लगेच जाणवणारही नाही. पण गिटहबसारख्या ठिकाणी जिथे दर वेळी कोऱ्या मशीनवर बिल्ड होतं तिथे फाइल ताजीच येते.

हे काल्पनिक भय नाही. ११ फेब्रुवारी २०१८ ला ब्राउझअलाउड नावाच्या स्क्रिप्टमध्ये कुणीतरी कॉइनहाइव्हचा, मोनेरो हे डिजिटल चलन खोदणारा कोड घुसवला. मजकूर वाचून दाखवणारी ती स्क्रिप्ट टेक्स्टहेल्प कंपनीची, आणि ती चार हजारांहून जास्त साइटवर लावलेली होती. त्यात ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाची साइटसुद्धा होती, म्हणजे इतरांना माहिती कशी जपावी हे शिकवणारं कार्यालय. स्कॉट हेल्म या सुरक्षा-तज्ज्ञाने तो प्रकार उघडकीला आणला. त्या टॅगमध्ये आधी काढून ठेवलेला हॅश असता तर ब्राउझरने बदललेली फाइल दारातच अडवली असती. पण 'आधी काढून ठेवलेला' हे शब्द महत्त्वाचे. त्याच रविवारी बिल्ड करून ताजा हॅश छापणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नसता.

म्हणून माझा नियम: बाहेरची फाइल एकदा उतरवायची, उघडून बघायची, ॲसेट्समध्ये ठेवायची आणि गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) टाकायची. पुढची आवृत्ती घ्यायची तेव्हा गिट फरक दाखवतो, तो वाचायचा, निदान वरवर तरी. किंवा फाइल सीडीएनवरच राहू द्यायची असेल तर हॅश हाताने लिहायचा, ह्यूगोकडून काढून घ्यायचा नाही. बूटस्ट्रॅप, जेक्वेरी, नकाशासाठीचं लीफलेट हे तयार कोड देणारे सगळे आपल्या सूचनांमध्ये हॅशसकट टॅग देतात, तो जसाच्या तसा चिकटवायचा. ह्यूगोच्या दस्तऐवजात गेटरिमोटचं पान आहे, फिंगरप्रिंटचं पान आहे. ही दोन जोडली की काय होतं हे सांगणारा ठळक अक्षरातला इशारा मला हवा होता. पाचवा तारा इथे गेला.

लीफलेटचं नाव घेतलं म्हणून ट्रेकिंग ग्रुपचं सांगते. माहुलीचा रस्ता आसनगाव स्टेशनपासून नकाशावर दाखवायचा होता. लीफलेट १.९.४ ची फाइल आम्ही स्टॅटिक फोल्डरमध्ये ठेवली आणि अधिकृत पानावरचा शा-२५६ हाताने टॅगमध्ये लिहिला. माझ्या लिनक्सवर सगळं ठीक. नेरूळच्या मुलाने त्याच्या विंडोज लॅपटॉपवरून बिल्ड करून साइट चढवली आणि नकाशा गायब. फाइल उघडून दोघांनी शेजारी ठेवली तर अक्षर अन् अक्षर सारखं. फरक होता तो न दिसणाऱ्या जागी. त्याच्या लॅपटॉपवरच्या गिटमध्ये ओळीच्या शेवटची खूण विंडोजच्या पद्धतीची करणारं ऑटोसीआरएलएफ चालू होतं, त्यामुळे फाइल घेताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक बाइट वाढला होता. माणसाला दिसत नाही, हॅशला दिसतो. गिटॲट्रिब्यूट्स या गिटच्या सूचनांच्या फाइलमध्ये त्या फोल्डरमधल्या फाइलना हात लावू नकोस अशी एक ओळ टाकली आणि नकाशा परत आला. ह्यूगोने काढलेल्या हॅशला हा त्रास होत नाही, कारण तो जी फाइल बाहेर काढतो तिचाच हॅश छापतो. हाताने लिहिणाऱ्यांनी मात्र ही ओळ पहिल्या दिवशीच टाकावी.

आणि हो, लीफलेटच्या सीएसएसमधून जी चित्रं येतात त्यांना हॅशचं संरक्षण नाही. इंटिग्रिटी लावता येते ती लिंक आणि स्क्रिप्टच्या टॅगला. सीएसएसच्या आत लिहिलेले फाँट, पार्श्वचित्रं, इम्पोर्ट केलेल्या आणखी सीएसएस, यांपैकी कशाचीही तपासणी होत नाही. आयफ्रेमची, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या साइटच्या चौकटीची, तर नाहीच. कथकच्या क्लासच्या ताईंना पहिल्या पानावर व्हिडिओ हवा होता. मी त्या चौकटीऐवजी चित्र टाकलं आणि त्यावर व्हिडिओची लिंक दिली. त्यांना आवडलं नाही, पण पान पटकन उघडतं म्हटल्यावर चाललं.

फाँटचंही याच ओघात. गूगल फाँट्सची जी सीएसएस लिंक सगळे चिकटवतात ती समोरच्या ब्राउझरनुसार वेगवेगळा मजकूर देते, त्यामुळे तिला एक ठरलेला हॅश लावताच येत नाही. मी 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांचा मुक्ता हा फाँट उतरवून घेतला, त्याचा परवाना तशी मुभा देतो, आणि तो आता प्रत्येक साइटच्या आपल्याच फोल्डरमधून येतो. जोडाक्षरंही नीट आणि बाहेरचा एक पाहुणा कमी.

आता काकूंचा किस्सा, कारण इंटिग्रिटीची दुसरी बाजू त्याशिवाय कळायची नाही. कोजागिरी झाली की काकूंच्या ऑर्डरी सुरू होतात. भाजणीची चकली, कडबोळी, अनारसे, आणि ज्यांना आधी सांगून ठेवावं लागतं ते चिरोटे. त्या सुमाराला सकाळी सकाळी फोन.

"अगं, साइटला काय झालंय? नुसता मजकूर दिसतोय. आणि चकलीचा फोटो भिंतीएवढा!"

"काकू, होस्टिंगमध्ये कुणी काही केलंय का?"

"मी कशाला काय करू? जावई काल काहीतरी वेग वाढवलाय म्हणत होते."

होस्टिंग जावयांनी स्वस्तात घेतलेलं. आता जावयांना कोण बोलणार! ब्राउझरचा कन्सोल उघडला तर लाल ओळ: या फाइलसाठी दिलेल्या इंटिग्रिटीत जुळणारा हॅश सापडला नाही, फाइल अडवली आहे. क्रोम त्या ओळीत त्याने स्वतः काढलेला हॅशही छापतो, ही त्याची चांगली सवय. साइटवरची सीएसएस उतरवली, माझ्या पब्लिक फोल्डरमधल्या फाइलशी बाइट-बाइट ताडली. फरक एकाच जागी निघाला. हेडरमागच्या रांगोळीच्या चित्राचा पत्ता माझ्या फाइलमध्ये छोटा, फोल्डरपुरता होता. तिकडे तो बदलून होस्टिंगवाल्यांच्या चित्रांच्या सर्व्हरचा लांबलचक पत्ता झाला होता. पॅनेलमध्ये 'साइटचा वेग वाढवा' असं एक बटण होतं, ते दाबलं की त्यांचा सर्व्हर जाता जाता सीएसएसमधले चित्रांचे पत्ते आपल्या पद्धतीने बदलून टाकतो. हेतू वाईट नाही. पण ब्राउझरला हेतू कळत नाही, त्याला बाइट कळतात, आणि त्याने जे करायला हवं तेच केलं. बटण बंद केल्यावर साइट पुन्हा सजली. दरम्यान ऑर्डरी आल्याच, कारण यादी, भाव आणि व्हॉट्सॲपची लिंक एचटीएमएलमध्ये होती, ती कुठे जात नाही. स्टॅटिक साइटचा हा एक गुण मला फार आवडतो.

पण प्रश्न उरतोच: पान आणि सीएसएस एकाच सर्व्हरवर असताना या हॅशने मिळवलं काय? ज्या चोराला सीएसएस बदलता येते त्याला शेजारच्या एचटीएमएलमधला हॅशही बदलता येतो. तेव्हा माझं धोरण आता असं आहे. सीएसएस आणि स्क्रिप्ट दुसऱ्या सर्व्हरवरून, सीडीएनवरून येत असतील तर इंटिग्रिटी हवीच. सगळं एकाच घरात असेल आणि होस्टिंग माझ्या ताब्यात असेल तर लावते, कारण फुकट आहे आणि अर्धवट चढलेली फाइल लगेच पकडली जाते. होस्टिंग जावयांच्या ताब्यात असेल तर फिंगरप्रिंट फक्त नावापुरतं ठेवते आणि इंटिग्रिटीची जागा काढून टाकते. अनेक लेखांत सगळीकडे सरसकट लावा असा सल्ला असतो. तो देणाऱ्यांनी दिवाळीच्या तोंडावर काकूंचा फोन घेऊन बघावा.

दुसऱ्या सर्व्हरवरून आणताना टॅगमध्ये क्रॉसओरिजिन ॲनॉनिमस लिहावं लागतं, आणि त्या सर्व्हरनेही तशी परवानगी देणारा हेडर (फाइलसोबत जाणारी सूचना) पाठवावा लागतो. नाहीतर हॅश बरोबर असूनही फाइल अडते. मोठे सीडीएन तो हेडर देतात. याउपर काही सांगण्यासारखं नाही.

खरी करमणूक विजेटवाल्यांकडे. दंतवैद्यांच्या साइटवर कोपऱ्यात एक गप्पांचा फुगा होता, एका कंपनीचा. मी त्यांच्या स्क्रिप्टचा हॅश काढून लावला. थोड्याच दिवसांत फुगा गायब. त्यांनी स्क्रिप्ट बदलली होती, न सांगता. मदतकेंद्राला लिहिलं तर उत्तर आलं की इंटिग्रिटी लावू नका, आम्ही फाइल हवी तेव्हा बदलतो. म्हणजे रुग्ण ज्या पानावर नाव-नंबर लिहितात त्या पानावर उद्या काय चालेल हे ना मला ठाऊक, ना डॉक्टरांना. पॉलिफिल-डॉट-आयओचं जे झालं ते याच जातीचं. जुन्या ब्राउझरना कमी पडणारा कोड पुरवणारी ती सेवा समोरच्या ब्राउझरप्रमाणे वेगळी फाइल द्यायची, म्हणून तिला ठरलेला हॅश लावणं मुळातच अशक्य. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते डोमेन फनल नावाच्या चिनी कंपनीच्या हातात गेलं. मूळ सेवा उभी करणारे अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच ती काढून टाका म्हणून जाहीर सांगितलं होतं. जूनमध्ये सॅनसेक या कंपनीने दाखवून दिलं की त्या पत्त्यावरून मोबाइलवाल्यांना सट्ट्याच्या साइटकडे पळवणारा कोड येतोय, आणि तो पत्ता लाखाहून अधिक साइटवर चिकटवलेला होता. यात ह्यूगो काही करू शकला नसता, आणि एसआरआयही नाही. करण्यासारखं एकच होतं: तो टॅग काढणं.

म्हणून हॅश लावायला बसलं की पहिला फायदा हा होतो की कुणाला हॅश लावता येत नाही त्याची यादी हातात येते. माझ्या साइटवरची ती यादी मी एकेक करून कमी केली. काकूंकडे पैसे घ्यायचं विजेट होतं, त्याजागी यूपीआयच्या क्यूआरचं चित्र आलं. गप्पांच्या फुग्याजागी व्हॉट्सॲपची साधी लिंक. भेट देणाऱ्यांची मोजदाद करणारी स्क्रिप्ट काढली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पर्यायांबद्दल झटपट. एसआरआयहॅश-डॉट-ओआरजीवर पत्ता दिला की टॅग बनवून मिळतो, एकुलत्या एका पानासाठी पुरे, पण तोही त्या क्षणी जी फाइल असेल तिचाच हॅश देणार. जेएसडिलिव्हर आणि सीडीएनजेएसवर हॅशसकट टॅग उचलता येतो. आवृत्ती पूर्ण लिहा, नुसता '५' लिहून मोकळं होऊ नका, कारण उद्या त्याच पत्त्यावर वेगळी फाइल येईल. ओपनएसएसएलची एक ओळ टर्मिनलमध्ये मारणं मला अजूनही सगळ्यात भरवशाचं वाटतं. हॅश नसलेली स्क्रिप्ट चालवूच नकोस असं ब्राउझरला बजावणारा इंटिग्रिटी-पॉलिसी हा हेडर क्रोममध्ये आलाय, पण गिटहब पेजेसवर आपले हेडर देता येत नाहीत, तेव्हा माझ्या निम्म्या साइटना त्याचा उपयोग नाही. ह्यूगोबद्दल आणखी एक कुरबूर: फंक्शनांची नावं बदलत राहतात. २०२४ मध्ये सास आणि पोस्टसीएसएस या सीएसएसवर काम करणाऱ्या साधनांची फंक्शनं सीएसएस नावाच्या कप्प्यात गेली, आणि वर्षभर न उघडलेली साइट उघडली की आधी जुन्या नावांचे इशारे वाचत बसावं लागतं. फिंगरप्रिंट मात्र जिथे होतं तिथेच आहे.

दंतवैद्यांच्या साइटवर अपॉइंटमेंट घ्यायचं एक विजेट अजून आहे आणि त्याला हॅश लागत नाही. डॉक्टरांना ते सोडवत नाही, रिसेप्शनवरच्या मुलीला त्याची सवय झालीये. मी ते पहिल्या पानावरून उचलून अपॉइंटमेंटच्या वेगळ्या पानावर नेलं, म्हणजे नुसता पत्ता आणि वेळ बघायला येणाऱ्यांच्या फोनवर ते उतरत नाही. मार्चमध्ये त्या कंपनीचा करार संपतोय. डॉक्टरांसाठी तीन पर्याय काढून ठेवलेत, त्यातला एक रिसेप्शनचा फोन नंबर मोठ्या अक्षरात छापण्याचा आहे.